अपराधीपणा चुकीच्या जागी बसलाय

ताई, सप्रेम नमस्कार.

मी चोवीस वर्षांचा आहे. शिक्षण संपलंय, एका परीक्षेच्या निकालाची वाट बघत घरी बसलोय. रोज रात्री झोपण्याआधी वही लिहायची सवय आहे. तीत तीनच गोष्टी असतात : दिवसभरात काय झालं, बातम्यांत काय वाचलं आणि फुटबॉल. शाळेत असल्यापासून मी एकाच क्लबचा चाहता आहे.

गेल्या आठवड्यात एकाच दिवशी दोन गोष्टी झाल्या. संध्याकाळी युद्धाची बातमी वाचली. एका इमारतीवर हल्ला झाला होता, मेलेल्यांत लहान मुलंही होती. ‘वाईट झालं’ असं मनात आलं आणि बोट पुढच्या बातमीवर गेलं. रात्री आमची मॅच होती. पेनल्टी शूटआउटमध्ये हरलो. ताई, मी रडलो. अगदी उशी ओली होईपर्यंत. मग वही लिहायला बसलो, तर युद्धाला दोन ओळी आणि मॅचला दीड पान. ते पान बघून माझी मलाच लाज वाटली.

मित्र म्हणतो, बावीस माणसं एका चेंडूमागे पळतात, त्यात रडण्यासारखं काय आहे? बहीण फोनवर म्हणाली, तुला माणसांपेक्षा जर्सी जवळची. हरल्यावर रागाच्या भरात पेनल्टी चुकवणाऱ्या पोराच्या अकाउंटवर मी काहीबाही लिहिलं होतं. त्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला, सगळे हसले. सकाळी मी अकाउंटवरचं ते काढून टाकलं. पण ते काय, सगळेच करतात. माझा प्रश्न वेगळा आहे. माझ्यात काही कमी आहे का? बातम्या वाचणं बंद करू, की फुटबॉल बघणं? की ही वहीच बंद करून टाकू? सोबत वहीच्या तीन पानांचे फोटो पाठवतोय.

— राखीव खेळाडू

•

राखीव खेळाडू,

तू मला ताई म्हटलंस, म्हणून मीही अरे-तुरे करते. तुझ्या क्लबचं नाव मी पत्रातून काढलंय. ते छापलं असतं तर पुढचे कित्येक दिवस समोरच्या क्लबच्या चाहत्यांची पत्रं येत राहिली असती, आणि त्या मंडळींना सल्ला नको असतो, भांडण हवं असतं.

तुझ्यात काही कमी नाही. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट वाचशील. मॅच हरल्यावर रडू आलं आणि युद्धाची बातमी वाचून आलं नाही, एवढ्यावरून कुणी दगड ठरत नाही. तुझ्या संघातल्या माणसांना तू वर्षानुवर्षं बघतोयस. डाव्या बॅकचा, म्हणजे डावीकडच्या बचावपटूचा, गुडघा कधी दुखावला, परत आल्यावर पहिल्या मॅचला तो टॅकल करायला कसा बिचकत होता, हे तुला पाठ आहे. पाठवलेल्या पानांतल्या एका पानावर ते आहेच. आणि ज्या इमारतीवर हल्ला झाला तिच्यात राहणाऱ्यांबद्दल तुला काय कळलं होतं? एक आकडा आणि एका शहराचं नाव. मनाला धरायला तिथे काही नव्हतं.

हे नुसतं समजूत काढायला म्हणत नाही. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोविक या तीन अमेरिकन अभ्यासकांनी २००७ साली काही प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांना थोडे पैसे दिले आणि त्यातले किती उपासमारीच्या मदतीला द्याल, असं विचारलं. काहींना एका लहान मुलीचा फोटो आणि तिची हकीकत दाखवली, काहींना लाखो उपाशी माणसांची आकडेवारी. मुलीसाठी जास्त पैसे निघाले, हे कुणीही आधीच सांगितलं असतं. पण ज्यांना मुलगी आणि आकडेवारी दोन्ही एकत्र दाखवलं, त्यांनी दिलेली रक्कम एकट्या मुलीसाठी निघालेल्या रकमेपेक्षा कमी भरली. आकडा शेजारी येऊन बसला आणि मुलगीसुद्धा पुसट झाली. तेव्हा त्या संध्याकाळी तुझ्या मनाने जे केलं ते जगभरातली मनं करतात. चांगलं आहे असं मी म्हणत नाही. पण तो तुझा एकट्याचा गुन्हाही नाही.

त्यात फुटबॉल हा खेळच जीव टांगणीला लावणारा. २०२२ च्या वर्ल्ड कपमध्ये ६४ सामन्यांत १७२ गोल झाले, म्हणजे एका मॅचला सरासरी तीनही नाहीत. पाऊण-पाऊण तास फळ्यावर काही बदलत नाही, आणि तेवढा वेळ आपण आत काहीतरी साठवत बसतो. मग एका क्षणात ते सगळं बाहेर पडतं, या बाजूने नाहीतर त्या बाजूने. ८ जुलै २०१४ ला, वर्ल्ड कपच्या सेमीफायनलमध्ये, ब्राझीलमधल्याच बेलो होरिझोंतेत जर्मनीने ब्राझीलला सात गोल घातले. २९ व्या मिनिटाला पाच झालेले होते, त्यातले चार सहा मिनिटांच्या आतले. कॅमेरा प्रेक्षकांवर फिरत होता. चेहरे रंगवलेली मोठाली माणसं लहान मुलांसारखी रडत होती. त्या दिवशी जगात दुसरं दुःख नव्हतं असं थोडंच आहे? पण ‘तुम्ही याच्यासाठी काय रडता’ असं त्यांना विचारायचं कुणाच्या मनात आलं नाही. तुझ्या मित्राला सांग, एका चेंडूमागे बावीस जण पळतात हे त्याचं वाक्य खरं आहे, फक्त त्याने त्या बावीस जणांना नीट पाहिलेलं नाही.

आता बातम्यांकडे. मॅच कितीही वाईट जावो, ती संपते. रेफरी शिट्टी वाजवतो, खेळाडू हात मिळवतात, दिवे बंद होतात. बातम्यांना शिट्टी नाही. पूर्वी थोडीफार होती. १८ एप्रिल १९३० ला बीबीसी रेडिओवर रात्रीच्या बातमीपत्राची वेळ झाली आणि निवेदकाने सांगितलं की आज बातमी नाही. उरलेला वेळ पियानो वाजवला. हा किस्सा इंग्रजांच्या शांत जगाचं उदाहरण म्हणून हौसेने सांगतात, पण त्याला जोडून दुसरी गोष्टही सांगायला हवी. त्याच दिवशी रात्री चितगावात सूर्य सेन आणि त्यांच्या साथीदारांनी ब्रिटिशांच्या शस्त्रागारावर छापा घातला होता, आणि तार-टेलिफोनची यंत्रणाही निकामी केली होती. बातमी होती. लंडनच्या स्टुडिओत ती आलेली नव्हती, एवढंच.

म्हणून मी तुला ‘बातम्या बंद कर, मन शांत राहील’ असं सांगणार नाही. आपण ऐकलं नाही म्हणून घडायचं थांबत नाही. पण आज अडचण उलटी आहे. १ जून १९८० ला सीएनएन सुरू झालं आणि बातम्यांना चोवीस तासांचं मैदान मिळालं. पुढे २००६ मध्ये एझा रॅस्किन नावाच्या डिझायनरने पान कधी संपतच नाही अशी, बोटाने सरकवत राहायची सोय शोधून काढली. नंतर त्याने स्वतःच तिच्याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. त्या संध्याकाळी तू ‘बोट पुढच्या बातमीवर गेलं’ असं लिहिलंस. अगदी बरोबर लिहिलंस. बोट गेलं, तू गेला नव्हतास. हल्ल्याची बातमी, मग कुणाचं तरी लग्न, मग ट्रान्सफरची अफवा, मग हवामान, सगळं एकाच वेगाने, एकाच मापाच्या चौकटीत. अशा रांगेत उभं राहून कुणालाही कशाचंही धड दुःख होऊ शकत नाही.

यावर तुझाच खेळ उपाय सुचवतो. एक गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण ती बातमीचीही आहे आणि फुटबॉलचीही.

१५ एप्रिल १९८९. इंग्लंडमधल्या शेफिल्डचं हिल्सबरो मैदान, एफए कप या तिथल्या स्पर्धेची सेमीफायनल, लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट. उभं राहून मॅच बघायच्या, चारी बाजूंनी कुंपण घातलेल्या भागात आधीच दाटी होती. बाहेर गर्दी वाढली म्हणून पोलिसांनी एक मोठं दार उघडलं आणि लोक थेट त्या दाटीच्याच भागाकडे वळले. पुढची माणसं जाळीवर चिरडली गेली. मॅच सहाव्या मिनिटाला थांबवली. जीव गेलेल्यांची संख्या आज ९७ धरली जाते. त्यातला शेवटचा माणूस त्या दिवशीच्या इजांमुळे २०२१ मध्ये गेला.

चारच दिवसांनी एका मोठ्या खपाच्या इंग्रजी दैनिकाने पहिल्या पानावर छापलं की दारू प्यालेल्या चाहत्यांनीच गोंधळ घातला, मेलेल्यांचे खिसे मारले. मथळ्यात शब्द होता ‘सत्य’. तुझ्यासारख्या लाखोंनी ते वाचलं, ‘वाईट झालं’ म्हटलं आणि पान उलटलं. घरच्यांनी पान उलटलं नाही. आई, बाप, भावंडं वर्षानुवर्षं कागद मागत राहिली, कोर्टात बसत राहिली. २०१२ मध्ये स्वतंत्र समितीने सगळे कागद तपासले तेव्हा कळलं की पोलिसांचे १६४ जबाब नंतर बदलले होते, आणि त्यातल्या ११६ जबाबांतून पोलिसांवर टीका करणारा मजकूर काढला होता. एप्रिल २०१६ मध्ये ज्यूरीने निर्णय दिला : ही माणसं बेकायदा वागण्याने मारली गेली, आणि चाहत्यांचा काही दोष नव्हता. सत्तावीस वर्षं गेली होती. लिव्हरपूलमध्ये ते दैनिक आजही पुष्कळ जण हातात घेत नाहीत.

ज्याला आपण ‘बातम्या बघणं’ म्हणतो ते खरं तर या गोष्टीतलं फक्त चौथ्या दिवसाचं पान असतं, आणि ते पान खोटं होतं. खरं काय ते फक्त त्यांनाच कळलं जे एकाच गोष्टीमागे लागून राहिले.

तू लीगमधल्या वीस क्लबांचं सगळं वाचत नाहीस. एका क्लबचं वाचतोस, पण मुळापासून. मॅनेजर कोण होता, तो का गेला, कुणाला कितीला घेतलं, कोण अकादमीतून वर आला. मग बातम्यांतही तेवढंच कर. एक विषय घे. ते युद्धच घे हवं तर. ते कधी सुरू झालं, त्याआधीचं काय होतं, त्या शहरात कोण राहतं, तिथल्या माणसांनी स्वतः लिहिलेलं काही मिळतं का, हे वाच. रोजच्या ठळक घडामोडींना दिवसातून एकदा ठरावीक वेळ दे आणि ती वेळ झोपायच्या आधीची नसू दे. बाकीचं जग तुझ्यावाचून चालेल. महिन्याभराने त्या शहराचं नाव दिसेल तेव्हा नुसता आकडा दिसणार नाही, आणि मग वहीत किती ओळी लिहायच्या हे तुला ठरवावं लागणार नाही. मदत करावीशी वाटली तर कुणाला करायची हेही तोवर कळलेलं असेल. नुसतं वाईट वाटून घेणं ही काही त्या माणसांची सेवा नव्हे. त्याचा हिशेब ठेवत बसू नकोस.

इथवर झालं ते तू विचारलेलं. आता तू न विचारलेलं.

तुझी तीन पानं मी पुन्हा पुन्हा वाचली. तू चांगलं लिहितोस, हे आधी सांगते. एका ठिकाणी आहे : ‘६३ व्या मिनिटाला उजवा बॅक वर गेला तो परत आलाच नाही. मधल्या फळीतला एकही जण त्याची जागा भरायला सरकला नाही. गोल तिथूनच झाला, गोलीला उगाच शिव्या.’ वर्तमानपत्रातले पुष्कळ क्रीडा वार्ताहर असं लिहीत नाहीत. गोल कुठून झाला यापेक्षा तो कुठून सुरू झाला, हे तुला दिसतं.

त्याच पानावर, वर, दिवसाच्या नोंदीत : ‘बाबा गप्प होते. बहिणीशी फोनवर बोललो. बाकी काही नाही.’

दुसऱ्या पानावर : ‘घरीच. निकाल अजून नाही.’ तिसऱ्या पानावर दिवसाची नोंदच नाही, थेट टीम शीट.

तुला लाज वाटली ती दीड पान मॅच आणि दोन ओळी युद्ध बघून. मला धक्का बसला तो या ओळींनी. ज्या मुलाला मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला एक बॅक परत आला नाही हे दिसतं, त्याला घरात बाबा गप्प आहेत यापुढे काहीच दिसत नाही?

तुला माहीतच असेल, नव्वद मिनिटांच्या मॅचमध्ये चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो सहसा साठ मिनिटांपेक्षा कमी, आणि एकेका खेळाडूच्या पायाशी तर जेमतेम दोन-तीन मिनिटं. उरलेला सगळा वेळ खेळाडू चेंडूविना खेळतो. कोण जागा सोडून सरकतोय, कोण नुसताच हात वर करून चेंडू मागतोय, कोण दमलाय आणि दाखवत नाही, हे ज्याला बघता येतं त्यालाच मॅच कळते. तुला येतं. बाबांना असं बघ. ते कधीपासून गप्प आहेत? कुणाचा फोन आल्यावर? तुझ्या निकालाचा विषय निघाला की उठून जातात, की तो निघू नये म्हणून आधीच टीव्ही लावतात? तू मॅच बघत बसतोस तेव्हा ते बाहेरच्या खोलीत जागे असतात का? कदाचित काही नसेलही. काही माणसं मुळातच कमी बोलतात. पण ‘काही नाही’ हे बघितल्यानंतर लिहायचं असतं.

आणि त्या निकालाचं काय? तुझ्या आयुष्यात सध्या सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे आणि तिला तीन पानांत मिळून तीन शब्द. मला वाटतं, चुकत असेन तर सांग, की त्या रात्रीचं सगळं रडू पेनल्टीचं नव्हतं. शूटआउट म्हणजे काय असतं? आपल्या हातात काही उरलेलं नसतं. बाकीचे खेळाडू मध्यवर्तुळात एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे असतात आणि बघत राहतात. निकालाची वाट बघणारा माणूस महिनोन्महिने तेच करतो, फक्त त्याच्या खांद्यावर कुणाचा हात नसतो, कारण त्याने कुणाला सांगितलेलंच नसतं की भीती वाटतेय. निकालाबद्दल रडायची चोरी, मॅचबद्दल रडायला मुभा. मग सगळं तिथूनच बाहेर पडलं असेल तर नवल नाही. फुटबॉलने तुला त्या रात्री वाचवलं असंही म्हणता येईल.

तू सही केलीस ‘राखीव खेळाडू’. मी इथे तुला मँचेस्टर युनायटेडच्या सोल्शायरची गोष्ट सांगावी असं तुला वाटत असेल : १९९९, बार्सिलोना, चॅम्पियन्स लीगची फायनल, ८१ व्या मिनिटाला मैदानात आला, भरपाईच्या वेळेत बायर्न म्युनिकविरुद्ध विजयी गोल. ती तुला माझ्यापेक्षा चांगली माहीत आहे. शिवाय खरं बोलायचं तर बाकावर बसलेले बरेच जण त्या दिवशी बाकावरच राहतात, त्यांच्यावर कुणी लेख लिहीत नाही. त्या गोष्टीतला मला आवडणारा भाग गोलाआधीचा आहे. सोल्शायर बाकावर बसून समोरची बचावफळी कुठे ढिली पडतेय ते टिपत बसायचा, असं त्याच्याबद्दल नेहमी सांगितलं जातं. वाट बघणं हेही त्याने काम म्हणून केलं. तुझा निकाल कसा लागेल हे तुझ्या हातात नाही. तो लागेपर्यंत कुणाशी बोलायचं, हे आहे. बहिणीशी बोल. जर्सीवरून टोमणा मारणारी माणसं सहसा आपल्याला जवळून ओळखणारी असतात.

वही बंद करू का, या प्रश्नाचं उत्तर तुला एव्हाना कळलं असेल. चालू ठेव. फक्त काही दिवस क्रम उलटा कर. मॅचचं शेवटी लिही. दिवसाचं आधी, आणि त्यातलं एक माणूस असं लिही की वाचणाऱ्याला तो कुठे उभा होता हे कळेल.

आता त्या ओळीकडे येते जी तू घाईघाईने उरकलीस.

पेनल्टी चुकवणाऱ्या पोराला तू काय लिहिलंस ते तू मला सांगितलं नाहीस, आणि ते बरंच केलंस. पण बघ, ज्याबद्दल तुला अपराधी वाटतंय त्यात तुझा अपराध नाही, आणि जिथे आहे तिथे तू ‘सगळेच करतात’ म्हणून मोकळा झालास.

११ जुलै २०२१. लंडनचं वेम्बली मैदान, युरो या युरोपातल्या देशांच्या स्पर्धेची फायनल, इंग्लंड-इटली १-१, मग शूटआउट. रॅशफोर्डची पेनल्टी खांबाला लागली, सांचोची अडवली गेली, शेवटची साकाची, तीही अडवली. साका तेव्हा १९ वर्षांचा होता. तुझ्यापेक्षा लहान. काही मिनिटांत या तिघांच्या फोनवर त्यांच्या कातडीच्या रंगावरून शिव्यांचा पाऊस सुरू झाला. पुढे काहींना अटकही झाली. मॅनेजर साउथगेटने लगेच सांगितलं की पेनल्टी कुणी घ्यायच्या हे आपण ठरवलं, जबाबदारी आपली. त्याने स्वतः १९९६ च्या युरोच्या सेमीफायनलमध्ये जर्मनीविरुद्ध पेनल्टी चुकवली होती. शूटआउट हरल्यावर ती वाट कशी चालायची असते हे त्याला ठाऊक होतं.

१९९४ ची वर्ल्ड कप फायनल तुझ्या जन्माआधीची, पण इटलीच्या बाजोचा, पेनल्टी चुकवल्यानंतरचा, तो फोटो तू पाहिला असशील, कमरेवर हात, मान खाली. त्या वर्ल्ड कपमध्ये बाजोने पाच गोल केले होते आणि ते नसते तर इटली फायनलला पोचलीच नसती. त्या दिवशी बारेसीने आणि मासारोनेही पेनल्टी चुकवल्या होत्या. लोकांनी लक्षात ठेवला तो एकटा बाजो. उजवा बॅक परत आला नाही म्हणून गोल झाला आणि शिव्या गोलीला पडल्या, हे ज्याला दिसतं, तो शूटआउट हरल्यावर शेवटच्या पोराच्या अंगावर कसा धावून गेला? त्या रात्री तुझी तीच नजर कुठे होती?

तू ते लिहिलंस तेव्हा तो पोरगा तुझ्यासाठी माणूस राहिलाच नव्हता. वर्षानुवर्षं बघितलेला, नावाने ओळखीचा असूनही. युद्धातल्या अनोळखी माणसांसाठी मन हललं नाही याला निदान अनोळखीपणा हे कारण आहे. इथे तेही नाही.

काढून टाकलंस, चांगलं केलंस. त्या खेळाडूला आता माफीचा मेसेज पाठवू नकोस. त्याला असे हजारो आले असतील, त्यात तुझा कुठला हे त्याला कधी कळणार नाही, आणि तुझं मन हलकं करणं हे त्याचं काम नाही. पण तो स्क्रीनशॉट तुमच्या ग्रुपवर अजून आहे. जे हसले ते तुझ्या ओळखीचे आहेत. तिथे लिही की ते लिहायला नको होतं, मी काढून टाकलंय. लांब खुलासा नको. चेष्टा होईल, दोन-तीन दिवस चालेल, कुणीतरी तुला संत वगैरे म्हणेल. म्हणू दे. फक्त पुढच्या मॅचच्या आधी लिही. नंतर लिहायचं ठरवलंस तर ते मॅचच्या निकालावर अवलंबून राहील.